बाहेरची कडी

लाँड्रीवाल्या काकूंचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. गिऱ्हाइकाने कोट दिला की त्याच्यासमोरच खिसे उलटे करून दाखवायच्या. आणि अशा बाईने दुकानाच्या माळ्यावरची खोली द्यावी कुणाला? तर सुधारगृहातून सुटलेल्या, घरच्यांनी दार लावून घेतलेल्या पोरापोरींना! भाऊ म्हणालाच, "ताई, घरात साप पाळतेयस."

"रस्त्यावर सोडले तर कुठे जातील ते कळणार नाही," काकू म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोर असलेले बरे."

यंदा आलेली पोरगी उंच, अबोल. कॉलरला अशी इस्त्री करायची की नाव ठेवायला जागा नाही. तिथेच काकूंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढी गुणी? जेवण झालं की चमचा धुवून काकूंना दाखवायची, मगच जागेवरून हलायची. म्हणजे चमचे दाखवून विश्वास कमवायचा आणि हात मारायचा गल्ल्यावर! काकूंनी काही उन्हात केस पांढरे केले नव्हते. रोज दिवे मालवले की त्या अनवाणी जिना चढत, पोरीच्या दाराला बाहेरून कडी घालत आणि उजाडायच्या आत काढत. तिला पत्ताही नाही, अशी त्यांची समजूत.

मग एकदा संध्याकाळीच तापाची गोळी घेऊन काकू आडव्या झाल्या त्या थेट उन्हं आल्यावरच उठल्या. कडी घालायची राहिलीच! धावत गल्ला उघडला. सगळं जागच्या जागी. इस्त्र्याही होत्या. मग धापा टाकत त्या माळ्यावर गेल्या.

दार उघडंच होतं. पोरगी खाटेच्या कडेला, पायात चपला, मांडीवर पिशवी. डोळे रडून सुजलेले.

"अस्सं! पळायच्या तयारीत?"

"नाही काकू. तुम्हीच काल कडी लावली नाहीत."

काकूंनी वळून दाराच्या कडीकडे पाहिलं.

"तिथे सुधारगृहात असंच असायचं," पोरगी म्हणाली. "दार उघडं राहिलं की समजायचं, आपल्याला काढलं. मग सामान बांधायचं. मी बांधलंय. पण जाऊ कुठे, तेवढं सांगा."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस आपण आसरा देतोय म्हणून मिरवत होतो, आणि चालवत काय होतो? त्या खाली गेल्या, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या आणि कडी उचकटून पोरीच्या हातात दिली.

"आतून बसव. आणि ती पिशवी सोड आधी."

संध्याकाळी काकू चहा घेऊन वर आल्या. दार आतून बंद. आपल्याच घरात दार वाजवायची त्यांच्यावर पहिलीच वेळ.

"कोण आहे?" आतून आवाज आला, अगदी काकूंसारखाच संशयी.

"मी आहे गं. येऊ का आत?"

"थांबा जरा."

कपातला चहा निवत गेला, पण काकू थांबल्या.