न उठलेली गांध

चाळणीकाकांच्या पायाला भिंगरी आहे, हे ॲलर्जी-संशोधन संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. गवताला तुरे यायच्या दिवसांत तर त्यांना खुर्ची चावायची. पहाटेच मोकळ्या मैदानांवर जाऊन ते तुरे कापून आणत आणि बरण्यांतल्या पाण्यात उभे करून बंद खोलीत ठेवत. दुसऱ्या दिवशी खालच्या कागदावर पिवळट पराग पडलेले असत. ते चाळायचे, दुसऱ्या कशाचा कण नाही ना हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि कुपीत भरायचे. पुढे त्याचा अर्क होई. शिंका आणि दम्याने हैराण झालेल्या पेशंटच्या हातावर अर्काचा थेंब टाकून सुईने हलकेच टोचलं, की तिथे लाल फुगवटा, म्हणजे गांध, उठते का यावरून याला नेमकं काय बाधतं ते डॉक्टरांना कळे. बावीस वर्षं कुपीवरचं अक्षर काकांचंच होतं.

यंदा काका स्वतःच शिंकायला लागले.

नियम साधा होता. ज्याला परागांची ॲलर्जी, त्याला चाळणीच्या खोलीत बंदी. त्यांच्या कामातल्या जोडीदाराला असंच हलवलं होतं. तो बिचारा आता तळमजल्यावर फायली लावत बसायचा. काकांनी धसकाच घेतला. ते रोज सकाळी गुपचूप ॲलर्जीची गोळी गिळू लागले.

"अहो, दाखवा की कुणाला तरी," बायको म्हणाली.

"धूळ आहे गं, धूळ."

"म्हणजे मी झाडते ते काय उगाच?"

कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी, धोका नको म्हणून काकांनी दोन गोळ्या घेतल्या. नर्सने हातावर पेनाने आकडे घातले, थेंब टाकले, टोचलं. पंधरा मिनिटं झाली. हात कसा स्वच्छ! काका मनात हसले. नर्स मात्र हसेना. ती मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेऊन आली.

बाईंनी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. "काका, हिस्टामीन कुठे गेलं?"

शेवटचा थेंब हिस्टामीनचा. ॲलर्जी असो वा नसो, त्याची गांध सगळ्यांच्या हातावर उठते. ती उठली नाही, तर समजायचं की माणूस गोळी खाऊन आलाय. नव्या नर्सांना हे शिकवायचे कोण, तर चाळणीकाका! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही.

"थेंब शिळा असेल," ते पुटपुटले.

"आज सकाळीच उघडलीय बाटली," नर्स म्हणाली.

"आठ दिवस गोळी बंद," बाई एवढंच म्हणाल्या. "खोलीतही जायचं नाही. मग परत टोचू."

ते आठ दिवस काकांनी कसे काढले, ते त्यांच्या बायकोला विचारावं. नाक वाहतंय, डोळे लाल, आणि माणूस खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालतोय. धूळ असेल, बुरशी असेल, शेजाऱ्यांची मांजर असेल! काहीही असू दे, पण गवत नको. मध्येच थांबून ते म्हणायचे, "तिकडे तुरे पिकून गळून जातील. कापायला कुणाला कळतंय?"

"बसा हो जरा," बायको म्हणायची. ते बसायचे आणि लगेच उठायचे.

नवव्या दिवशी त्यांनी हात पुढे केला. चौथा थेंब गवताचा. नर्सने बाटली उचलली, तेव्हा काकांनी तिच्यावरचा बॅच नंबर वाचला. त्यांनीच भरलेल्या कुपीतल्या परागांचा तो अर्क होता.

"पंधरा मिनिटं. खाजवू नका," नर्स म्हणाली. हे वाक्यही तिला त्यांनीच शिकवलं होतं.

तीन मिनिटांतच चौथ्या आकड्याशी आग झाली. काकांनी छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, पाय हलवले, पण हात हलवला नाही. पंधरा मिनिटांची घंटी वाजली तेव्हा हिस्टामीनची गांध नीट उठली होती, आणि गवताची तिच्या दुपटीहून मोठी. धूळ, बुरशी, मांजर सगळे निर्दोष सुटले होते. आपलेच दात, आपलेच ओठ.

बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. काकांनी खिशातून चाळणीच्या खोलीची किल्ली काढून दिली. मग म्हणाले, "बाई, मोजा. आडवी आणि उभी, दोन्ही."

बाईंनी मोजली. "बारा आणि चौदा मिलिमीटर. काका, इतका चोख माल मी दुसरीकडे बघितला नाही."

नर्सने मलम पुढे केलं. "आता खाजवलंत तरी चालेल."

"राहू दे थोडा वेळ," काका म्हणाले, आणि बाही वर ठेवूनच तळमजल्याचा जिना उतरू लागले.