डाव्या टायरातलं निळं पाणी

माझ्या वहिनीला लोक साधी समजतात. समजू देत. टायरांत पाणी भरणारी, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली, हाक मारली की "आले हं" म्हणणारी बाई. पण सूड कसा घ्यायचा ते मी याच साध्या बाईकडून शिकले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

आमचं दुकान रस्त्याच्या कडेला. पुढे पत्र्याची शेड, बाजूला पाण्याची टाकी, मागे आमच्या दोन खोल्या. नांगरटीचे दिवस आले की दारात ट्रॅक्टरांची रांग लागते. मऊ मातीत हलक्या ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरतात, डिझेल जळतं आणि नांगर हलत नाही. म्हणून मागच्या टायरांत पाणी भरायचं. चाक जॅकवर उचलायचं, चाक फिरवून व्हॉल्व्ह वर आणायचा, पाणी तिथवर चढलं की थांबायचं, उरलेल्या जागेत हवा. ट्रॅक्टर जड होतो आणि चाक माती धरतं.

हे काम आधी माझा दादा करायचा. त्याची एक खोड होती. भरायच्या पाण्यात तो कपड्यांची नीळ कालवायचा. टायर कुठे पाझरलं तर निळा डाग लगेच दिसतो, असं त्याचं म्हणणं.

"टायरं काय पांढरीशुभ्र करणार आहात?" वहिनी त्याला चिडवायची. तो हसायचा आणि आणखी चिमूटभर टाकायचा.

मग तळ्यावरच्याचा ट्रॅक्टर उलटला. तळ्याला लागून जमीन म्हणून त्याला सगळे तळ्यावरचा म्हणतात. त्याने ड्रायव्हरला अगदी काठाच्या उतारावर नांगरायला लावलं होतं. ड्रायव्हर नको नको म्हणत होता. ट्रॅक्टर उजव्या अंगाला कलंडला आणि बिचाऱ्याचा पाय गेला. आता उतारावर कोणी घातलं, हे विचारलं जाणार, तेवढ्यात तळ्यावरच्याने काखा वर केल्या. "उजवं टायर भरलं आणि डावं कोरडंच ठेवलं त्या टायरवाल्याने. सगळा भार एका अंगाला. उलटणार नाही तर काय?"

दादा त्याच्या दारात जाऊन म्हणाला, "डावं टायर उघडा. निळं पाणी निघेल."

तळ्यावरच्याने ट्रॅक्टर आपल्या शेडमध्ये घालून कुलूप लावलं. ड्रायव्हरचा दवाखाना त्याच्याच खिशातून चाललेला, म्हणून तोही मूग गिळून बसला. लोक दादाला "कोरडा" म्हणायला लागले. पोरंटोरंसुद्धा! आमच्या दारातली रांग गेली. दादाचं जेवण तुटलं, मग बोलणं तुटलं, आणि एक दिवस तोच गेला. डॉक्टर काहीतरी आजाराचं नाव सांगत होते. मी सांगते, त्याला तळ्यावरच्याने मारलं.

वहिनीने नीळ त्याच दिवशी फेकून दिली. "ती त्यांची होती," म्हणाली. पदर खोचला आणि जॅक हातात घेतला. सुरुवातीला कोणी फिरकेना. पण जवळपास दुसरीकडे पाणी भरायची सोय नव्हती, झक मारत आले. वहिनीने साधं पाणी भरलं, सगळ्यांसमोर टाकीतून, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा तळ्यावरच्याचा दुसरा, छोटा ट्रॅक्टर आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वहिनीच्या कानाशी लागले, "एक टायर खरंच कोरडं ठेव ना. उलटू दे."

तिने माझा दंड असा पिळला की डोळ्यांत पाणी आलं. "त्या सीटवर तो बसतो का गं? ड्रायव्हर बसतो." मग हळूच म्हणाली, "मोठ्या ट्रॅक्टरचं डावं टायर अजून तेच आहे. मी रस्त्यावरून जाताना रोज बघते. कधीतरी फाटेल. पाणी काढायला इथेच आणावं लागेल."

मी विसरले. ती विसरली नाही.

यंदा ऐन नांगरटीत ते फाटलं. दगडाने कडेला चिरलं होतं, आतली ट्यूब तेवढी शाबूत होती. नवा ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन आला आणि मागोमाग, सोबत आणलेलं नवं टायर कोणी बदलून घेईल या भीतीने, तळ्यावरचा स्वतः आला. पांढरे कपडे, पांढरे बूट. त्याच्या डोक्यातून ती जुनी गोष्ट साफ गेलेली होती. माणसाला मातीत घातलं आणि विसरला!

रांगेतले सगळे बघत उभे होते. वहिनीने चाक उचललं, व्हॉल्व्ह खाली आणला आणि आतली पिन काढली.

पाणी सुटलं. फिकट, गंजाळलेलं, पण निळं. शेडभर निळं. तळ्यावरच्याच्या बुटांवर निळं. रांगेतला एक म्हातारा पुढे आला, त्याने बोट बुडवून बघितलं आणि म्हणाला, "ही तर कोरड्याची नीळ." मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो ते, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

मी भिंतीला धरून रडले. वहिनी रडली नाही. तिने नवं टायर चढवलं, त्यात हवा भरली आणि हात पुसले.

"पाणी?" तळ्यावरचा म्हणाला.

"एकदा मोठ्याने म्हणा, डावं टायर भरलेलं होतं. मग भरते."

"जुनं कशाला उकरायचं, वहिनी?"

"मी तुमची वहिनी नाही."

नव्या ड्रायव्हरने किल्ली मडगार्डवर ठेवली. "मी नाही नेणार," म्हणाला आणि रांगेतल्यांच्यात जाऊन उभा राहिला.

तळ्यावरचा तावातावाने स्वतः सीटवर चढला. उजवं टायर दादाच्या पाण्याने भरलेलं, डावं कोरडं. खोटं बोलला होता तसाच ट्रॅक्टर त्याच्या बुडाखाली होता, आणि घरची वाट त्याच काठाच्या उतारावरून, तळं उजव्या हाताला.

"सावकाश न्या हं," वहिनी म्हणाली. "डावं कोरडं आहे."

त्याने इंजिन सुरू केलं. स्टिअरिंग धरून बसला. मग इंजिन बंद केलं, उतरला, आणि निळ्या बुटांनी चालत घरी गेला. कोणी हसलं नाही. मी हसले, खदखदून!

ट्रॅक्टर आमच्या दारातच उभा राहिला. सगळ्यांची नांगरट उरकत आली, तळ्यावरच्याची जमीन तशीच पडून. त्याला कोणी ट्रॅक्टर देईना, छोटा चालवायला ड्रायव्हर मिळेना. शेवटी एका सकाळी, रांग भरलेली असताना, तो आला आणि खाली बघत म्हणाला, "डावं टायर भरलेलं होतं."

"मागच्यांना ऐकू आलं नाही," वहिनी म्हणाली.

तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने. गळ्याच्या शिरा ताणून.

सगळ्यात मागे, टाकीपाशी, मी पाइप धरून उभी होते. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही ऐकू आलं म्हणून.