तोंड मिटून चढणारा

टीव्हीवर परदेशातली सायकलची शर्यत चालली होती. उभ्या चढावर बाकीचे धापा टाकत होते आणि सगळ्यांत पुढचा गडी मात्र तोंड मिटून, मंडईत निघाल्यासारखा चढत होता. पूर्वी अशा वेळी मी उठून टाळ्या वाजवायचो. काल तोंडातून निघालं, "घेतलंय यानं काहीतरी!"

वैताग आलाय या सवयीचा. ज्यांच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो, त्यांच्यातल्या कित्येकांची पदकं उत्तेजक औषधं घेतल्याबद्दल मागाहून काढून घेतली. तेव्हापासून कुणी दमला नाही, की मला त्याच्या रक्तात औषधच दिसतं. तो खरोखर वर्षानुवर्षं घाम गाळून तयार झाला असेल, तर केवढा अन्याय! पण विश्वास ठेवायचा तरी कशाच्या जोरावर? तपासणीत आधी निर्दोष तर ते पदकं गमावलेलेही ठरले होते.

सगळ्यांत शेवटी एकजण झोकांड्या खात, लाळ गाळत वर आला. मी जोरजोरात टाळ्या वाजवायला लागलो. "हा बघ, हा अस्सल!"

शेजारी बायको मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, घेऊनही शेवटचा आला असेल तर?"

माझे हात टाळीच्या अर्ध्यावरच थांबले.