बर्फासाठी नेलेला कापूस

मेडशीत चतुराबाईला आपली नवी वस्तू दाखवायला कुणी जात नाही. एकाने फ्रीज घेतला तेव्हा तिने दार उघडून आत डोकावलं, "दोन वांगे अन् पाण्याची बाटली ठेवाले एवढं मोठं कपाट?" एवढंच म्हटलं आणि दार लावून निघून गेली. घेणाऱ्याचा आनंद तिथेच आटोपला. एका लग्नात डोक्यावरून कॅमेरा उडत होता, तर ही भर मांडवात म्हणाली, "वरून तं नवरदेवाचं टक्कलच दिसन." सगळे हसले, नवरदेव सोडून.

तिचा नवरा जगदेव अबोल माणूस. भाजी चांगली झाली असंही तो म्हणत नाही. म्हटलं की "काल खराब होती काय?" हे तिचं ठरलेलं. तीन एकर रान, त्यात सोयाबीन आणि तूर, शिवाय धुऱ्याला, म्हणजे बांधाच्या कडेने, चतुराबाईच्या हट्टाच्या कापसाच्या बारा ओळी. निंदणं, वेचणं सगळं तीच करायची. पंचावन्न वय झालं तरी तिच्याबरोबर वेचायला लागलेली तरणी बाई दुपारपर्यंत मागे पडायची. आपल्याइतकं कुणी राबत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते खरंही होतं. म्हणून तर तिचं बोलणं लोकांना जास्त लागायचं.

वाशीमला तिचं एकच ओळखीचं घर होतं. पूनमचंद शेठांचं. त्यांचं शेतीच्या बियाण्या-औषधांचं दुकान. जगदेवच्या वडिलांपासून बियाणं तिथूनच यायचं. शेठ वारले, दुकान मुलगा अंकित पाहू लागला, तरी चतुराबाई दर डिसेंबरात तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन एसटीने जायची आणि शेठांच्या बायकोला, पानाबाईंना, द्यायची. मग दोघी मागच्या पडवीत पाय पसरून शेंगा सोलायच्या आणि जोडीने साऱ्या जगाला नावं ठेवायच्या. पानाबाई धर्मकर्माच्या. दिवस मावळला की पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. पण सुनेच्या माहेरापासून शेजारणीच्या झाडूपर्यंत काहीही त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही. दोघींचं तीस वर्षं जमलं ते एवढ्यावरच. पुढच्या हॉलमध्ये मात्र चतुराबाईला कधी कुणी बसवलं नाही. "त्या गाद्यावर बसलं की माणूस बुडते," असं ती स्वतःच म्हणून टाकायची.

गेल्या डिसेंबरात ती गेली तेव्हा पडवी रिकामी होती. आत सामान सरकवल्याचा आवाज येत होता. ती स्वयंपाकघरातून हॉलच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. सोफा भिंतीला लोटलेला, खिडकीत कागदाची मोठी चांदणी, पंख्यापासून चारी कोपऱ्यांना लाल-हिरव्या झिरमिळ्या. मधोमध अंकितची बायको खुशबू प्लास्टिकच्या झाडाच्या फांद्या सरळ करत होती. झाड ऑनलाइन मागवलेलं. फोटोत दाराएवढं होतं, आलं ते कमरेएवढं. म्हणून ते टीपॉयवर चढवून खाली लाल ओढणी गुंडाळली होती. भिंतीवरच्या पूनमचंद शेठांच्या फोटोला चंदनाचा हार होता, आणि त्यांची नात, सहा वर्षांची जिनल, हिने फोटोच्या कोपऱ्यावर गोंड्याची लाल टोपी अडकवली होती.

"शेठजीले थंडी वाजून राह्यली काय?" चतुराबाई म्हणाली.

कोपऱ्यात खुर्चीवर माळ ओढत बसलेल्या पानाबाई उठल्या, टोपी काढून सोफ्यावर टाकली आणि परत जाऊन बसल्या. सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मावशी, पंचवीसला ख्रिसमस आहे ना," खुशबू म्हणाली. ती अकोल्याची, बोलणं शहरी. "आमच्या ग्रुपमध्ये आठ जणी आहोत. प्रत्येकीच्या घरी एकेक सण करतो. आमच्याकडे हा आला."

"आला मंजे? चिठ्ठ्या टाकल्या काय?"

"हो," खुशबू म्हणाली. खरोखर चिठ्ठ्याच टाकल्या होत्या.

सण चिठ्ठीत निघतो, हे चतुराबाईला नवीन होतं. "अन् ज्याइचा सण हाय, त्याइच्यातलं कोणी येते का?"

खुशबू जरा गोंधळली. तसं ओळखीचं कुणी नव्हतं. पण घर सजवायला काय लागतं, ते सगळं तिने मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. केक बिनअंड्याचा सांगितला होता. मुलांना वाटायला मोजे शिवून घेतले होते. आता फक्त बर्फ राहिला होता. तिने चतुराबाईकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "मावशी, तुमच्याकडे कापूस आहे ना? एक पोतं आणाल? झाडाखाली, खिडकीत, सोफ्याच्या मागे, सगळीकडे पसरीन. एकदम नॅचरल दिसेल."

शेतातून आलेला कापूस घरात भरला की अंगाला खाज सुटते, हे मेडशीत लेकरालाही माहीत असतं. सजवायचंच तर जिनातून सरकी काढून आलेली रुई आणावी. हे सांगायला चतुराबाईने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात खुशबू म्हणाली, "आणि जरा स्वच्छ बघून आणा हं. पाहुणे हॉलमध्ये बसणार आहेत."

चतुराबाईने तोंड मिटलं. तिने पानाबाईंकडे पाहिलं. शेतकऱ्यांशी चाळीस वर्षं व्यवहार केलेल्या घरातल्या त्या. त्यांना हे ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. पानाबाई माळेचे मणी पुढे सारत राहिल्या.

"आणतो," चतुराबाई म्हणाली.

घरी पुढच्या खोलीत पांढऱ्याशुभ्र कापसाचा ढीग होता. त्याला तिने हात लावला नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात कवडीचा कापूस पडला होता. डागाळलेला, गुठळ्यांचा, कुणी घेत नाही असा. त्यात लाल ढेकण्या बसल्या होत्या, बोंडावर हिवाळ्यात दिसतात ते किडे. तिने पोतं त्याच कापसाने भरलं आणि वरून दोन ओंजळी चांगला कापूस लावला.

"हा कवडीचा कायले भरून राह्यली?" जगदेवने विचारलं.

"शेठाच्या घरी बर्फ पाडाचा हाय."

बावीस तारखेला पोतं वाशीमला पोचलं. खुशबूने वरच्या कापसावर गाल टेकवला आणि "किती सॉफ्ट!" म्हणाली. परतीच्या गाडीत चतुराबाई एकटीच हसत होती. घर सजवतात म्हणे! स्वतःचं असं काही सुचत नाही, दुसऱ्याच्या घरातलं पाहायचं आणि आपल्या घरात चिकटवायचं. एवढ्या शिकलेल्या बाईला बर्फ पाहिजे, आणि तो कुठे वेचून मिळतो तेही ठाऊक नाही.

चोवीसच्या सकाळी जगदेवच्या मोबाइलवर अंकितचा फोन आला. "काकूंना लवकर पाठवा. घरभर ढेकण्या झाल्यात."

चतुराबाईने ठेवणीतली साडी नेसली. तमाशा पाहायला जायचं तर चांगलं दिसून जावं.

मागच्या दाराने येऊन हॉलमध्ये तिने पाऊल टाकलं आणि सगळं मनासारखं झालेलं दिसलं. पडद्यावर ढेकण्या, चांदणीवर ढेकण्या, झाडाला लावलेल्या सोनेरी गोळ्यांवर ढेकण्या. आदल्या दिवशी खुशबूने सजवलेल्या हॉलचा व्हिडिओ मैत्रिणींना पाठवला होता, त्यात सोफ्याच्या पाठीवरून तीन ढेकण्या ओळीने चालल्या होत्या. एकीने लगेच लिहिलं, "सांताची फौज आली वाटतं!" मग बाकीच्यांनी हसण्याची चित्रं टाकली, आणि संध्याकाळपर्यंत सात जणींना सात कामं निघाली. जिनलच्या मानेवर आणि हातांवर लाल चट्टे उठले होते. रात्री तिला डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. खुशबू स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिचेही हात कोपरापर्यंत खाजवून सोललेले.

पुढच्या दारात अंकित औषधाची बाटली घेऊन उभा होता. त्याच्या दुकानात असल्या बाटल्यांची कपाटं भरलेली होती. पण आत जायची वाट बंद होती, कारण उंबऱ्याशी पानाबाई जमिनीवर बसल्या होत्या. वय बहात्तर, गुडघे वाकत नाहीत, तरी दिवस उगवल्यापासून त्या बसल्या होत्या. हातात जीव न दुखवता झाडायची मऊ दोऱ्यांची पुंजणी, शेजारी स्टीलचा डबा. एकेक ढेकणी पुंजणीने हलकेच लोटून डब्यात घ्यायची, की दुसरी. नीट दिसत नव्हतं, म्हणून चेहरा फरशीच्या अगदी जवळ नेलेला.

चतुराबाईला राहवलं नाही. "दुकानात ढेकण्याचं औषध इकता अन् घरात ढेकण्या वेचता?"

"दुकान अंकितचं हाय," पानाबाई मान वर न करता म्हणाल्या. "घर माहं हाय. एक जीव मरू देणार नाई मी अठी." मग अंकितकडे वळून म्हणाल्या, "तू जाय बापू दुकानात." अंकित बाटली घेऊन गेला.

चतुराबाई थोडा वेळ उभी राहिली. पाहायला आलो ते हेच, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं, पण मजा येईना. ढेकणी पानाबाईंच्या पुंजणीवरून निसटायची, त्या परत हात पुढे करायच्या. साडी सावरून चतुराबाई खाली बसली. तिला पुंजणी लागत नव्हती. बोटांच्या चिमटीत, न चिरडता, ती भराभर वेचू लागली. कापूस वेचून तयार झालेली बोटं ती.

डबा अर्धाअधिक भरला.

"कवडीचा आणला ना वं तू?" पानाबाईंनी विचारलं.

"हो."

"तुले ठाव होतं."

"ठाव होतं." मग चतुराबाईने मान वर केली. "तुमालेही तं ठाव होतं, शेठाणीबाई. तुमी काहून मना नाई केलं तिले?"

पानाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "मलेही पाहाचं होतं तिचं हसं झालेलं. पोरगी माही नात हाय, तिच्या अंगावर उठन हे नाई आलं ध्यानात." त्या थांबल्या. "तुह्यात अन् माह्यात फरक नाई काही. मी बसून देवाचं नाव घेत होती, एवढंच."

मागे भांडं ठेवल्याचा आवाज आला. खुशबू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडेल असं चतुराबाईला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, उलट बोलायला जमलं असतं.

"मम्मी, एक शब्द बोलल्या असत्या," खुशबू म्हणाली. "मावशींचं सोडा. तुम्ही तर घरातल्या."

पानाबाई परत फरशीकडे वाकल्या. खुशबूने टीपॉयवरचं झाड उचललं, अंगणात नेलं, आणि जपून, एकही ढेकणी पायाखाली येणार नाही असं पाहत झटकू लागली. सासूचा नियम तिनेही मोडला नाही. हे चतुराबाईने खिडकीतून पाहिलं आणि तिला अतिशय राग आला. कुणाचा, ते तिला कळेना.

कापूस पोत्यात भरला, पडदे झटकले, सोफ्याच्या फटी तपासल्या. दुपारचे चार वाजले. खुशबूने चहा आणला तो हॉलमध्येच. "सोफ्यावर बसा मावशी. आता तिथे काही नाही." आवाजात टोमणा नव्हता. चतुराबाई टेकली. सोफा काही फार बुडत नव्हता. चहा तिने अर्धाच प्यायला.

परतीच्या गाडीत पोतं टपावर होतं आणि डबा मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "मावशी, काय हाय डब्यात?"

"पाव्हणे," ती म्हणाली. कंडक्टर हसला. तिला हसू आलं नाही. मेडशीला उतरून ती घरी न जाता आधी शेतात गेली आणि धुऱ्यावर डबा उपडा केला.

पुढचं अंकितने जगदेवला सांगितलं, ते तिला जगदेवच्या तोंडून कळलं. पंचवीसला सातांपैकी शेवटी एकच बाई आली, दोन मुलं घेऊन. मोकळ्या हॉलमध्ये झाडाभोवती मुलं नाचली, केक कापला. जिनलच्या हातांना पांढरं औषध लावलेलं होतं. ती म्हणे सगळ्यांना सांगत होती, हा माझा बर्फ.

चतुराबाईने ही गोष्ट गावात कुणाला सांगितली नाही. इतर वेळी असं काही हाती लागलं असतं तर तिने ते वर्षभर पुरवलं असतं.

या डिसेंबरात खुशबूचाच फोन आला. "मावशी, शेंगा घेऊन येणार ना? मम्मी वाट पाहतायत." चतुराबाई "पाहू" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने निवडून शेंगा तोडल्या, पिशवी भरली आणि जगदेवच्या हातात दिली.

"तू काहून नाई येत?"

"कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

छत्तीस वर्षांच्या संसारात असलं वाक्य जगदेवने ऐकलं नव्हतं. तो तसाच उभा राहिला. मग ती खेकसली, "आता उभे काय राह्यले? गाडी चुकन."

संध्याकाळी तो परत आला तो पुठ्ठ्याचा डबा घेऊन. खुशबूने केक दिला होता. चतुराबाईने तुकडा मोडून तोंडात टाकला, डोळे बारीक करून चघळला. "साखरच साखर हाय नुसती," ती म्हणाली, "अन् शेकताना बुडाले लागलाय." तिने दुसरा तुकडा घेतला.