चाचांनी गळ्यात घातलेली दोन कार्डं

परतूरच्या आमच्या कम्प्युटरवाल्या चाचांना कुणी किंमत विचारली, की ते उत्तरच देत नसत. "आधी काम दाखवा, मंग सामान सांगतो," म्हणत आणि गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून त्याचं काम नुसतं बघत राहत. शाळेचे निकाल टाइप करणाऱ्या एका गुरुजींना त्यांनी काहीच न विकता परत पाठवलं होतं. "तुमचं मशीन बिलकुल ठीक हाय, गुरुजी. धूळ काढली, जा."

तरुणपणी ते विहिरींवरच्या मोटारी भरायचे. जळालेली तार काढून नवी गुंडाळायचे. त्यामुळे कम्प्युटरचं काहीही समजावताना त्यांच्या बोलण्यात मोटार यायचीच. मला ते 'इंजिनिअरसाब' म्हणत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. त्या हाकेनं मी जरा ताठ चालायचो.

पदवीनंतर पुण्याला न जाता वाटूरला घरीच काम करायचं मी ठरवलं. इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल, याची चलचित्रं बनवायची. जालन्याच्या एका बिल्डरनं मंगल कार्यालयाचं पहिलं काम दिलं. त्यासाठी ताकदीचं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. माझं हे घरी बसणं अण्णांना, म्हणजे वडिलांना, पटलेलं नव्हतं. तरी त्यांनी कपाशीचे पैसे माझ्या हातावर ठेवले.

चोवीस जीबी मेमरीचं एक भारी कार्ड घ्यायचं, की बारा-बाराची दोन स्वस्तातली? मला वाटलं, बारा नि बारा चोवीसच. चाचांनी माझं काम बघितलं, दाढी खाजवली. "विहिरीत दोन लहान मोटारी सोडल्या तर पाणी जास्त येतं, इंजिनिअरसाब. पण खोलातलं पाणी वर चढत न्हाई. या दोघांची मेमरी बराबर जुडते का?"

मला ठाऊक नव्हतं. पण दुकानात चार माणसं बसली होती. मी म्हणालो, "जुडते."

दोन कार्डं बसली. लहान दृश्यं झपाट्यानं झाली. पण झुंबरं, फुलांच्या माळा आणि शेकडो खुर्च्यांसकट अख्खं कार्यालय उघडलं, की मेमरी संपल्याचा संदेश येई आणि काम बंद पडे. सगळं दृश्य प्रत्येक कार्डात वेगवेगळं मावावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. काम द्यायला चार दिवस उरले होते. अण्णा दारात उभे राहून म्हणाले, "शिकून हेच का रं?"

मी फोन केला तसे चाचा भारी कार्डाचा खोका मोटारसायकलला बांधून वाटूरला आले. फरशीवर बसले, पडदा बघितला आणि अण्णांना म्हणाले, "चूक माझी. पोरगं एकच मागत होतं, मीच दोन गळ्यात घातले."

भारी कार्ड बसवून आणि आधीची दोन परत घेऊन ते निघाले तेव्हा मी रस्त्यापर्यंत गेलो. "खोटं काहून बोललात, चाचा?"

"माझ्यावरचा भरोसा गेला तर तुझा बाप दुसऱ्या दुकानात जाईल. तुझ्यावरचा गेला तर कुठं जाईल?"

काम वेळेत गेलं. पुढची कामं आली. अण्णा गावात माझं कौतुक करू लागले आणि दर वेळी पुढं जोडू लागले, "चाचा गुणी माणूस, पण त्या कार्डांत चुकला." वाटूरची काही गिऱ्हाइकं त्यामुळे दुसरीकडे जायला लागली, हे माझ्या कानावर आलं. तरी मी गप्पच होतो. चाचांनी मात्र त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. माझं नवीन काम आवर्जून बघायला मागायचे.

यंदा चाचा दुकान आवरून परभणीला मुलीकडे राहायला निघाले. अण्णा आणि मी भेटायला गेलो. रिकाम्या फळ्यांकडे बघत अण्णा हसून म्हणाले, "चाचा, आम्हाला तुमची एकच चूक ठाऊक."

"हौ, एकच," चाचा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"ती माझी होती, अण्णा," मी म्हणालो. "दोन कार्डं मीच मागितली. ठाऊक नसताना जुडते म्हणालो."

चाचा चिडले. "काय गरज होती रे? चांगलं चालून राह्यलं होतं."

अण्णा उठले आणि त्यांनी चाचांचा हात दोन्ही हातांत धरला. "आता वाटूरमधी घरोघर सांगतो, तुम्ही चुकला नव्हता म्हणून."

"आता काय सांगता, अण्णा? दुकान तर बंद झालं."

"दुकानासाठी न्हाई सांगणार," अण्णा म्हणाले.