माल काट्यावर चढायच्या आत

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, कपडे धुण्याच्या एका मशीनच्या किमतीतले शेवटचे शून्य ऐन दुपारी बेपत्ता झाले असून, त्याचा लाभ उठवण्याचा मान मलकापुरातल्या आमच्या घराला मिळाला आहे. चौदा हजार नऊशे नव्वदची मशीन माझ्या मोबाइलवर चौदाशे नव्याण्णवला दिसत होती. मी चष्मा पुसला, मोबाइल पुसला. शून्य काही परत आलं नाही.

मी धावत वडिलांकडे गेलो. कारण त्या हिवाळ्यात आईच्या मनगटांनी संप पुकारला होता. चादर पिळता पिळता ती मध्येच थांबायची, काहीतरी आठवत असल्यासारखी. खरं म्हणजे कळ ओसरायची वाट बघत असायची. मशीन घेऊ म्हटलं की एकच उत्तर, "एवढे पैसे पाण्यात घालता का बे? मले काय झालं?"

वडील कापसाचे दलाल. उभी हयात बाजारात भाव पुकारण्यात गेलेली. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून आकडा वाचला, "दाब बटन," म्हणाले, आणि मी दाबायच्या आत स्वतःच दाबलं.

किंमत ऐकल्यावर मात्र आई हसली. "एवढ्यात तं तांब्याची बादलीबी येत नाही!" न्हाणीघरातला कोपरा तिने स्वतः घासून काढला. धामणगाव बढ्याच्या मावशीला फोन गेला. ज्या जाड गोधड्या धुवायला ती घाबरायची, त्या कपाटातून निघून ओसरीवर ओळीने बसल्या, दवाखान्यात नंबर लावल्यासारख्या.

मशीनऐवजी फोन आला. कंपनीची मुलगी होती. किंमत चुकून पडली, ऑर्डर रद्द, पैसे परत मिळतील, माफ करा.

मी पेटलो. स्पीकर लावला, उजवा हात हवेत उचलला आणि सुरू झालो. "भाव तुम्ही लावला, पैसे तुम्ही घेतले, आणि आता चूक? उद्या मी म्हटलं की माझ्याकडून चुकून जास्त पैसे गेले, तर चालेल का तुम्हाला?"

"तुम्हाला माहीत नव्हतं का चूक आहे ते?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "शून्य गेलेलं पाहून कसे टुणकन उडाले होते!"

फितूर साक्षीदाराकडे वकिलाने बघावं, तसं मी तिकडे बघितलं. तेवढ्यात वडिलांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला.

"पोरी, माल काट्यावर चढला का?"

"काय म्हणालात काका?"

"आमच्या बाजारात बोलता बोलता एखाद्याची जीभ घसरते. माल काट्यावर चढायच्या आत तो 'चुकलो' म्हणाला, तं सौदा वापस. एकदा का वजन झालं, तं मंग घर इकून भर. तुमचा माल गोदामातून निघाला का, तेवढं सांग."

पलीकडे बटणांची टकटक झाली. "नाही काका. अजून पॅकसुद्धा झालेला नाही."

"मंग वापस घे तुहा भाव. अन् ज्याच्या हातून शून्य राह्यलं, त्याले जास्त बोलू नका म्हणा."

"सांगते काका," ती म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. "बाबा, काय केलं हे! हातची मशीन सोडली!"

"निघाला म्हणाली असती, तं घेतला असता. खरं बोलली बिचारी. तिच्यावर काऊन चढू?"

आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. एकेक गोधडी उचलून परत कपाटात ठेवू लागली. शेवटची उचलताना तिने मनगट धरलं. वडिलांनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलेलं मी पाहिलं.

जरा स्टेशनकडे जाऊन येतो म्हणून ते निघून गेले. दिवेलागणीला दारात मालवाहू ऑटो थांबला. त्यात भलं मोठं खोकं, आणि खोक्याला एका हाताने धरून, वरातीत घोड्यावर बसल्यासारखे ताठ बसलेले वडील.

"केवढ्याले?" आईचा पहिला प्रश्न.

वडिलांनी खोक्यावर छापलेल्या किमतीवर बोट ठेवलं.

आता हे वडील असे, की साधी टोपी घ्यायची तरी दोन दुकानांतून रुसून बाहेर पडणार, तिसऱ्यात भांडण मिटवून चहा पिणार. कोथिंबिरीच्या जुडीचाही भाव केल्याशिवाय पिशवी उघडत नाहीत. लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो की मी ओळख नसल्यासारखा चार पावलं मागे चालायचो.

"ते दिसते मले. कमी किती केले?"

"नाही केले."

"काऊन?"

वडील भिंतीकडे बघू लागले. "तुह्यासाठी आनून राह्यलो होतो. त्यात काय घासाघीस करा लागते."

आई खोक्याजवळ गेली, त्यावरून हात फिरवला. मग सरळ वळली, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत, ऑटोवाल्याच्याही देखत, तोच हात वडिलांच्या कपाळावर ठेवून म्हणाली,

"अवो, ताप तं नाही आला तुमाले?"