उत्तरेच्या खिडकीपाशी दादा

दादाशी माझं शेवटचं बोलणं एका भुवईवरून झालं. दवाखान्यात मी त्याला पेज भरवत होते आणि तो म्हणाला, "शैला, मोठ्या बाईंची डावी भुवई चुकलीच." सात-आठ वर्षांपूर्वी सिंदीच्या शाळेत लागलेल्या चित्राची भुवई. मी वैतागून त्याला गप्प पडून राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनीचा फोन आला...

माझा हा थोरला भाऊ माणसांची चित्रं काढायचा. वर्ध्यात त्या कामाला गिऱ्हाईक थोडं, घर वहिनीच्या शिलाई मशीनवर चालायचं. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सिंदीच्या मुलींच्या शाळेनं संस्थापक मोठ्या बाईंचं मोठं तैलचित्र काढायला सांगितलं, तेव्हा दादाचं आता नाव होणार असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. अडचण अशी, की दिवंगत बाईंचा फोटो एकच होता, तोही घोळक्यातला, तोंडावर पदराची सावली पडलेला. शिवाय नालवाडीच्या आमच्या घरात धड उजेड नव्हता. शेजारच्या कांबळे गुरुजींच्या पुढच्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी होती, ती खोली दादानं आठवडाभरासाठी मागून घेतली. गुरुजींनी आपली खाट मागच्या खोलीत हलवली. पावसाळा गेला, थंडी सरली, खाट मागेच राहिली. त्यांच्या घरभर टर्पेंटाइनचा वास आणि पाहुण्यांनी यायचं मागच्या दारानं.

साडीच्या चुण्या नि हात बघायला कुणी समोर हवं, म्हणून मी बाईंसारखं पांढरं लुगडं नेसून दुपारभर खुर्चीत बसायचे. मान अवघडायची, घरची कामं तुंबायची. सिंदीहून बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी येऊन चेहरा सांगायच्या. एक म्हणायची बाईंच्या डोळ्यांत धाक होता, दुसरी म्हणायची हसू होतं. दादा दोघींचं ऐकायचा आणि संध्याकाळी सगळा चेहरा पुसून टाकायचा. एकदा मी रडकुंडीला आले. कालचा चांगला होता, तो काऊन पुसला, असं विचारलं.

"काल त्या तुह्यासारख्या दिसून राह्यल्या होत्या," तो म्हणाला.

रंग संपले की वहिनी नागपूरला जाऊन आणायची. त्या दिवशी तिची मशीन जोरात चालायची.

अखेर चित्र झालं, सागवानी चौकटीत बसलं, शाळेच्या सभागृहात लागलं. दादाच्या हातात माइक दिला. तो पांढऱ्या लुगड्यात निळी सावली कशी पडते यावर बराच वेळ बोलला. वहिनीचं नाव नाही, माझं नाही... आणि पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसलेल्या गुरुजींचंही नाही. परतीच्या बसमध्ये मी त्याला म्हटलं, "आमचं जाऊ दे. गुरुजींचं नाव तरी घ्याचं होतं."

"सारे त्या चित्रातच आहेत ना," एवढंच बोलून त्यानं डोळे मिटले.

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही, तो गेल्यावरही पटत नाही. चित्राखाली सही एकट्याची आहे. त्यात भर म्हणजे, पुढेही तो रोज दुपारी चित्राचा स्टँड उचलून गुरुजींच्या खिडकीपाशी जाऊन बसायचा. विचारणं नाही, काही नाही.

तेरवी झाल्यावर मी गुरुजींकडे गेले. भावाच्या वतीनं त्या दिवसाबद्दल माफी मागावी असं मनात होतं. मी अडखळत सुरुवात केली, तर त्यांनीच मला थांबवलं.

"राग मलेबी आलता. लय दिवस बोललो नाई मी त्याच्याशी. त्याच्या ध्यानातबी आलं नाई."

इतकी वर्षं मला वाटायचं, एकटी मीच चिडले होते. ते ऐकून किती बरं वाटलं, सांगता येत नाही. मी विचारलं, मग त्याला रोज येऊ काऊन द्यायचे? खोली परत मागायची होती.

गुरुजींनी खिडकीकडे पाहिलं. तिथं फरशीवर रंगाचे डाग होते. खाट अजून मागच्याच खोलीत होती.

"उजेड इथंच होता ना, बाई," ते म्हणाले. "कुठं गेला असता तुहा दादा?"